पाच मुलांचा गोषवारा

"माझ्या पाटीवरच्या बगळ्याचा रंग पंधरा वर्षं उडत चाललाय, आणि मला त्याला हात लावायची सोय नाही," मागच्या सीटवर कोणीतरी कुरकुरत होतं. "रंग दिला तर हे म्हणणार, बघा, सरांचं चित्र जपतोय. पुसला तर ते म्हणणार, बघा, पुसला. आता त्या बगळ्याने कुणाचं काय वाकडं केलंय?"

"आता दे की रंग," शेजारचा म्हणाला. "मशीननेच सांगितलं ना, पोरांना पढवलेलं होतं म्हणून."

पुढच्या सीटवर संजीवनीने डोक्यावरची शाल आणखी पुढे ओढली. जुन्या बसचं बरं होतं. इंजिनाच्या धडधडीत नको ते ऐकू यायचं नाही. ही बॅटरीवरची बस पाण्यावरून बदक जावं तशी जायची आणि आतल्या माणसांना एकमेकांचे श्वाससुद्धा ऐकावे लागायचे. खिडकीशी तिची मुलगी शर्वरी डोळे मिटून बसली होती. चोवीस वर्षांची झाली, पण झोपेचं सोंग नऊ वर्षांची असताना घ्यायची तसंच घ्यायची. पापण्या जरा जास्तच घट्ट.

मशीनच्या चाचणीचा निकाल सकाळी अकराला कोर्टाच्या साइटवर आला होता. सव्वाअकराला तो केळंबीच्या प्रत्येक फोनवर होता. त्यात नावं नव्हती, 'साक्षीदार क्रमांक तीन' एवढंच. कायद्याने त्या पाच मुलांची नावं गुप्त होती. केळंबीत ती गुप्तच होती, म्हणजे सगळ्यांना माहीत होती आणि मोठ्याने कोणी घेत नव्हतं.

बस घाट उतरली आणि पाणी दिसायला लागलं. धरणाचा फुगवटा इथे पसरट होऊन गावाच्या पायाशी येतो. निम्म्या पाण्यावर आता सौर पट्ट्या तरंगतात, त्यामुळे लांबून वाटतं की म्हाताऱ्या तळ्याने चष्मा लावलाय. पट्ट्यांच्या मधल्या मोकळ्या पाण्यात रोहित पक्षी उभे होते, एका पायावर, गुलाबी, धुक्यात अर्धे विरघळलेले. आपण आत्ता जागे आहोत की नाही, असा प्रश्न पडावा अशी ती जागा. संजीवनीला लग्न होऊन आल्यापासून तो पडत होता.

पंचवीस वर्षांपूर्वी शेखरसर इथल्या शाळेवर आले, त्याआधी केळंबीत पाखरांचे दोनच प्रकार होते, खायची आणि न खायची. सरांनी नावं दिली. चक्रवाक, शेकाट्या, कुदळ्या, चांदवा, तुतवार. मुलांचं पक्षीमंडळ काढलं. शहरातून माणसं दुर्बिणी घेऊन यायला लागली, तेव्हा घरोघरी पाहुण्यांच्या खोल्या निघाल्या आणि प्रत्येक घराच्या पाटीवर सरांनी स्वतः एकेक पक्षी रंगवून दिला. संजीवनीच्या वाट्याला तुतवार आला होता. गावात इतरही शिक्षक होते, पण नुसतं 'सर' म्हटलं की ते एकच.

मग ते झालं. त्याला गावात दुसरं नाव नव्हतं. 'ते झालं तेव्हा' म्हणायचे, जसं 'पूर आला तेव्हा' म्हणतात. पक्षीमंडळातल्या पाच मुलांनी, सर आपल्याशी पाण्यापलीकडच्या लपणात काय करायचे ते सांगितलं. लपण म्हणजे पक्ष्यांना दिसू नये म्हणून आत बसायची, गोणपाटाने मढवलेली झोपडी. सरांना जन्मठेप झाली, ती त्या पाच मुलांच्या तोंडच्या शब्दांवर. दुसरा पुरावा नव्हता. निम्म्या गावाने पाट्या पुसल्या, निम्म्याने ठेवल्या. दोन्ही निम्मी एकाच हॉटेलात मिसळ खात राहिली, आणि विषय निघालाच तर रश्शाच्या तिखटाचा निघायचा.

पाट्या ठेवणाऱ्यांचं म्हणणं एवढंच होतं की पाच मुलं अक्षर न अक्षर सारखं कसं बोलतील? पोपट होते ते.

आणि त्यांचं चूक नव्हतं. तेच तर संजीवनीच्या छातीवर पंधरा वर्षं बसलं होतं.

*

पक्षीमंडळाची एक पद्धत होती. जानेवारीतल्या गणनेला पाच मुलं पाच ठिकाणी बसायची. ज्याची त्याची वही. पक्ष्याच्या नावापुढे आकडा आणि पुढे एक अक्षर, डोळ्यांनी दिसला असेल तर 'पा', नुसता आवाज आला असेल तर 'ऐ'. सर याबाबतीत फार काटेकोर. ऐकलेल्याला पाहिला म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. दुपारी सगळी मुलं संजीवनीच्या ओसरीवर जमायची, कारण तिचं अक्षर चांगलं, आणि पोहेही. तिथे गोषवारा व्हायचा. एकाचे शेकाटे दोनशे बारा, दुसऱ्याचे एकशे नव्वद. मग बोलून बोलून एक आकडा ठरायचा आणि तोच पाचही वह्यांत जायचा. जे एकट्यालाच दिसलं ते गाळायचं. एकट्याने पाहिलेला पक्षी धरायचा नाही, हा सरांचा नियम.

खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलांच्या हाताखालच्या एका पोराने फोनवर सांगितलं, "मुलांच्या बोलण्यात फरक पडला तर समोरचा वकील चिंध्या करील." एवढं सांगून त्याने फोन ठेवला. दुसऱ्या कुठल्या गावातल्या आया रडल्या असत्या, देवाला बसल्या असत्या. केळंबीच्या आयांना एकच गोष्ट येत होती. त्यांनी पाच मुलांना ओसरीवर बसवलं आणि गोषवारा केला.

तीन दुपारी लागल्या. संजीवनी वाचायची, मुलं म्हणायची. ती छान वाचायची, सावकाश, वाक्याच्या शेवटी किंचित थांबून. जे एकट्याच मुलाने सांगितलं होतं ते गाळलं. तिसऱ्या दुपारी पाचही जण एका सुरात म्हणायला लागले, तेव्हा मोठ्यांना हायसं वाटलं. तिने त्यांना पोहे दिले. त्या दिवशी मुलांनी पोहे खाल्ले नाहीत, हे तिला फार पुढे आठवलं.

*

'उंबरा' हे त्या चाचणीचं कागदावरचं नाव नव्हतं. कागदावर तीन ओळींचं होतं. पण ज्या कोणी पहिल्यांदा मराठीत समजावून सांगितलं त्याने उंबरा म्हटलं आणि तेच राहिलं.

जिल्ह्याच्या चाचणी-केंद्रातल्या डॉक्टर निखत मुजावर यांनी महिन्यापूर्वी, चाचणीच्या दिवशी, मायलेकींना समोर बसवून सांगितलं होतं. "प्रत्येक आठवण कुठल्या ना कुठल्या दाराने आत येते. डोळ्यांनी, कानांनी, नाकाने, कातडीने. आपण ती आठवायला बसलो की मेंदू तीच वाट पुन्हा चालतो. पाहिलेलं असेल तर आधी पाहण्याचा भाग जागा होतो, ऐकलेलं असेल तर ऐकण्याचा. फरक डोळ्याच्या पापणीहून बारीक असतो, पण आमच्या टोपीला तो कळतो. पूर्वी साक्षीदाराला विचारायचे, तू खरं बोलतोस का. आम्ही ते विचारतच नाही. आम्ही फक्त बघतो, हे तुझ्या घरात कुठल्या उंबऱ्यावरून आलं."

केवळ मुलांच्या जबानीवर झालेल्या जुन्या शिक्षा वरच्या कोर्टाने फेरतपासणीला काढल्या होत्या. साक्षीदारावर सक्ती नव्हती. पाचांपैकी दोघांनी नाही म्हटलं, एकाने पत्राचं उत्तरच दिलं नाही, चौथा, ओंकार, कॅनडात होता आणि तो घरचेही फोन उचलत नसे. शर्वरी एकटी हो म्हणाली. "एकदा कळून तरी जाऊ दे लोकांना," ती म्हणाली होती.

खोली फिकट निळी होती. शर्वरी आडवी, डोक्यावर वेताच्या टोपलीसारखी ती टोपी. काचेबाहेर संजीवनी. एक मऊ आवाज शर्वरीला तिचीच जुनी जबानी वाक्यावाक्याने ऐकवत होता, आणि बाहेरच्या पडद्यावर तिचं डोकं धुक्यातल्या पाण्यासारखं दिसत होतं. वाक्य संपलं की त्या पाण्यात एक दिवा लागायचा. कानाच्या वर. पुढचं वाक्य, पुन्हा कानाच्या वर. पुन्हा कानाच्या वर. दिव्यांना एक लय होती, वाक्याच्या शेवटी किंचित थांबा. संजीवनी ती लय ओळखून बसली. तिला पडद्यावर तिचाच आवाज दिसत होता.

मग आतला आवाज म्हणाला, "थोडं थांबूया," आणि कोणी काहीच विचारलेलं नसताना खोल खाली, कपाळामागे, एक बारीक ठिणगी लुकलुकली. पहाटे पार पलीकडच्या काठाला एखाद्याने कंदील लावावा तशी. ती बराच वेळ विझली नाही.

आज निकालाची प्रत देताना डॉक्टर निखत त्याच ठिणगीपाशी थांबल्या होत्या.

"पहिल्या पानावर लिहिलंय, 'जबानीतील सर्व तपशील श्रवणमार्गे'. म्हणजे ऐकलेले. लोक इथेच वाचायचं थांबतात. तिसऱ्या पानावर मी लिहिलंय की आठवण दर वेळी बाहेर काढली की ती ओली होते आणि ठेवताना नव्याने वाळते. ओली असताना तिच्यावर कोणी शब्द घातले तर ते शब्दच वर राहतात. उंबरा शेवटचं दार दाखवतो. पहिलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिसरं पान कोणी वाचत नाही. मी त्यात एकदा चहाची कृती लिहून बघणार आहे."

"आणि ही ठिणगी?" शर्वरीने विचारलं.

"वास आहे. वासाला कोणी वाक्य दिलं नव्हतं, म्हणून तो जसाच्या तसा आहे. पण जबानीत वासाचं काहीच नाही. मग मी तो कशाशी जुळवू? तुला आठवतो का कसला ते?"

शर्वरीने बराच प्रयत्न केला. "नाही. नुसतं उठून जावंसं वाटतं."

संजीवनीला आठवत होता. ती शेजारच्याच खुर्चीवर बसली होती, तिला तो शब्द माहीत होता, आणि ती पाण्याचा ग्लास उचलून सगळं पाणी प्यायली.

*

घरी आल्यावर शर्वरी ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. वाळूवर तुतवार तुरुतुरु पळत होते. संजीवनीने चहा आणून ठेवला.

"आई, मी खोटं बोलले होते का?"

असा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज चढावा. तिचा अगदी साधा होता, दूध आलं का विचारावं तसा.

"काहीतरीच काय."

"नाही, मला खरंच कळत नाही. मी आत जाऊन बघते तर तिथे नुसती वाक्यं आहेत. चित्रच नाही. मला वाटायचं मी विसरले, चांगलंच झालं. आता वाटतं, तिथे कधी काही नव्हतंच की काय. मग पंधरा वर्षं तो माणूस आत बसलाय तो माझ्या पाठांतरावर. आणि मी..." तिने कप हातात घेतला आणि तसाच ठेवला. "मग मला हे असं का होतं, आई? कोणी मागून आलं की. दार लागलं की. तेही ऐकूनच आलंय का?"

संजीवनी म्हणाली, "चहा निवतोय."

आत स्वयंपाकघरात जाऊन ती ओट्याला धरून उभी राहिली. तिची पहिली आठवण ओसरीवरच्या गोषवाऱ्याची नव्हतीच. ती त्याच्या आधीच्या जूनमधली होती. शाळा नुकतीच सुरू झालेली. ती याच ओट्याशी लसूण सोलत होती आणि घरात आठ पाहुणे नाश्त्याची वाट बघत होते. नऊ वर्षांची शरू दारात येऊन म्हणाली, "आई, लपणात गोणपाटाचा वास येतो. मला नाही जायचं सरांबरोबर."

"मग नाकाला रुमाल बांध," संजीवनी म्हणाली.

आणि बांधून दिला. स्वतःच्या हाताने, इस्त्री केलेला. शरू तिच्याकडे बघत उभी राहिली. मुलं वासाबद्दल बोलतात तेव्हा अशी बघत नाहीत. संजीवनीने ते बघणं पाहिलं, आणि लसणाकडे वळली. त्यानंतर सहा महिने शरू रुमाल बांधून जात राहिली, शेवटी दुसऱ्याच एका मुलाने शाळेच्या नर्सबाईंपाशी तोंड उघडेपर्यंत.

गोषवाऱ्याच्या दुपारी शरूने वासाचं पुन्हा सांगितलं होतं. संजीवनीने ते गाळलं. एकटीनेच सांगितलंय म्हणून, असं ती सगळ्यांना म्हणाली. खरं म्हणजे वास आला की वकील विचारणार होता, हे पहिल्यांदा कुणाला सांगितलंस, आणि कधी?

*

शुक्रवारी विलासअण्णा आले. पर्यटन समितीचे अध्यक्ष, उंच, खांद्यात वाकलेले, बोलताना समोरच्याच्या चपलांकडे बघायची सवय. ओंकार त्यांचाच मुलगा. त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर स्वतःचा चष्मा ठेवला, उडू नये म्हणून. वारा नव्हता.

"रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बसतोय सगळे. गावातर्फे कोर्टाला पत्र द्यायचंय. वहिनी, तुम्ही वाचून घ्या. कुणावर आळ नाही घातलेला."

तिने वाचलं. *आम्ही पालकांनी घाबरून जाऊन पाचही मुलांना एकत्र बसवले व त्यांच्याकडून एकच जबानी पाठ करून घेतली. मुलांनी आम्ही सांगितले तेच न्यायालयात सांगितले. त्यात मुलांचा दोष नाही.*

पत्रातला एकही शब्द खोटा नव्हता. इतकं खरं पत्र केळंबीतून कधी कुठल्या कचेरीत गेलं नसेल.

"पहिली सही तुमची लागेल," अण्णा चपलांना म्हणाले. "गोषवारा तुम्ही केलेला. आणि बघा, शरूचीपण सुटका होईल. आयुष्यभर त्या गोष्टीची मुलगी म्हणून राहायचं. आता म्हणता येईल, काही झालंच नव्हतं."

"सर परत येतील, अण्णा."

"येईनात का." त्यांनी चष्म्याखालचा कागद सरळ केला. "मला सरांचं काय करायचंय? तो माणूस येवो, न येवो. वहिनी, ओंकारने आठ वर्षांत आईला एक फोन केलेला नाही. ती रोज त्याच्या खोलीत झाडू मारते. मशीन म्हणतंय तसं नुसतं ऐकीव असेल तर... म्हणजे त्याला काही झालंच नसेल ना. नुसती वाक्यं. वाक्यं काय, जातील निघून."

तेव्हा संजीवनीला गावाचं कोडं सुटल्यासारखं झालं. इतकी वर्षं तिला वाटायचं, पाट्या जपणारे सरांवर प्रेम करतात. तसं नव्हतं. त्यांना ते घडलेलंच नको होतं. पाटी पुसणाऱ्यांनाही तेच हवं होतं, फक्त त्यांच्या हातात दुसऱ्या रंगाचा डबा होता.

"कागद राहू दे इथे," ती म्हणाली.

"तुम्ही विचार करा. पण विचार करण्यासारखं त्यात काही नाही," अण्णा म्हणाले, आणि चष्मा विसरून गेले.

*

रविवारी सकाळी सूर्य वर यायच्या सुमारास नंदकुमारने नाव सोडली. संजीवनीचा नवरा पाहुण्यांना पाण्यावर फिरवतो. कमी बोलतो, म्हणून पाहुणे त्याला ज्ञानी समजतात. आज पाहुणे नव्हते. ती म्हणाली, मला पलीकडे ने, आणि त्याने का म्हणून विचारलं नाही.

धुकं इतकं होतं की नावेचं नाक दिसत नव्हतं. वल्ह्याच्या आवाजाने पाणी जागं व्हायचं आणि लगेच कूस बदलून झोपायचं. सौर पट्ट्या काळ्या शांत शेतासारख्या दोन्ही बाजूंनी सरकत होत्या, आणि त्यांच्या कडेकडेने पाणकावळे पंख पसरून वाळत उभे होते, जणू कोणी धुणं घातलंय. संजीवनीला वाटलं की आपण पंधरा वर्षं अशाच चाललोय, काठ सोडलाय आणि काठ लागत नाही.

पलीकडे लपण नव्हतंच. तिथे पट्ट्या धुणाऱ्या यंत्राची पत्र्याची खोली उभी होती. आसपास घाणेरी माजली होती. उतरण्यासारखं काही नव्हतं. नंदकुमारने वल्हं आडवं टाकलं.

"इथे उतरताना ती म्हणायची," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "बाबा, तुम्ही थांबा ना."

संजीवनी त्याच्याकडे वळून बसली.

"रोज म्हणायची. नाव दोराने बांधा आणि थांबा म्हणायची." त्याने हाताने थोडं पाणी उचललं आणि सोडलं. "माझी पुढची फेरी असायची."

एक रोहित धुक्यातून बाहेर आला, त्यांच्याकडे बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा धुक्यात गेला. तिला नंदकुमारला विचारायचं होतं, तुला कधी कळलं? त्यालाही बहुतेक तेच विचारायचं होतं. पंचवीस-सव्वीस वर्षं एका पांघरुणात झोपलेली दोन माणसं, त्यांनी एकमेकांना हा एकच प्रश्न कधी विचारला नव्हता.

"चल," ती म्हणाली. "दहाला हॉल आहे."

*

शाळेच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुढे सतरंजी घातली होती, आणि सतरंजीवर बसायचा मान कुणी घ्यायचा यावर थोडा वेळ गेला. भिंतीवर मुलांनी काढलेले पक्षी होते, हल्लीच्या मुलांनी. बसमधला बगळेवाला तिसऱ्या रांगेत होता. डॉक्टर निखत येणार नव्हत्या, त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

अण्णांनी पत्र वाचलं. वाचताना त्यांचा आवाज 'मुलांचा दोष नाही' या ठिकाणी बसला. लोकांनी माना हलवल्या. कुठूनतरी आलं, "झालं ते झालं, आता पुढचं बघू," आणि आणखी कुणीतरी म्हणालं, "सह्या घ्या अण्णा, जेवायची वेळ होत आली." सव्वादहा वाजले होते.

"आधी संजूवहिनी," अण्णा म्हणाले आणि पेन पुढे केलं.

ती उठली. पेन घेतलं. तेवढ्यात तिला दिसलं की दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, शर्वरी उभी आहे. कधी आली कुणास ठाऊक. आत यायचं की नाही हे अजून न ठरलेल्या माणसासारखी, एक हात चौकटीवर.

संजीवनीने पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

"पत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "मीच बसवलं मुलांना. मीच वाचलं, त्यांनी म्हटलं. मशीनला जो आवाज सापडला तो माझा आहे. मी हे कोर्टात जाऊन सांगणार आहे, कोणी न्यायला आलं नाही तरी. पण पत्रात एक वाक्य कमी आहे."

"वहिनी, आधी सही होऊ द्या," अण्णा हळू म्हणाले.

"अण्णा, बसा तुम्ही. तुमचा चष्मा आणलाय मी." तिने तो त्यांच्या हातात दिला. लोक हसतील असं वाटलं, कोणी हसलं नाही. "मुलांना शिकवायच्या कितीतरी आधी, जूनमध्ये, शरूने मला सांगितलं होतं. ओट्याशी. तिच्या शब्दांत. लपणात गोणपाटाचा वास येतो, मला नाही जायचं सरांबरोबर. ते मी शिकवलेलं नव्हतं. मशीनला वास सापडलाय, तिसऱ्या पानावर आहे, घरी जाऊन वाचा. मी तिला काय म्हटलं ते सांगते. मी म्हटलं, नाकाला रुमाल बांध."

हॉलमध्ये पंखा फिरत होता.

"लहान मुलाला कळत नाही, म्हणून ते वास म्हणतं. मला कळत होतं. माझ्याकडे पाहुणे होते."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "ताई, आता कशाला जुनं..."

"तुझ्या बहिणीची मुलगी त्या वर्षी पक्षीमंडळातून काढलीस तू," संजीवनी त्याच्याकडे बघून म्हणाली, न रागावता. "मे महिन्यात. काढलीस ते चांगलं केलंस. का काढलीस ते कुणाला सांगितलं नाहीस. आणि अण्णा, ओंकार त्या पावसाळ्यात अंथरूण ओलं करायला लागला होता, दहा वर्षांचा. तुमच्या घरून गादी रोज उन्हात यायची. सगळ्या आळीने बघितली. मी वहिनींना म्हटलं, मुलांना थंडी बाधते. त्या म्हणाल्या, हो ना."

अण्णांनी चष्मा घातला, काढला. त्यांची बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने पदर तोंडाला लावला, पण मान हलवून नाही म्हणाली नाही.

"मला थांबायला सांगायची," मागून नंदकुमार म्हणाला, आणि कोण ते राहिलं असं वाटून पुन्हा म्हणाला, "शरू. पलीकडे नाव बांधून थांबायला सांगायची." तो उभाच होता. बोलून झाल्यावरही तो बसला नाही.

संजीवनी आता दाराकडे वळली. लोकांच्या डोक्यांवरून, सतरंजीवरून, चपलांच्या ढिगापर्यंत. ती वाचून दाखवत नव्हती, त्यामुळे वाक्याच्या शेवटी कुठे थांबायचं ते तिला कळत नव्हतं.

"शरू, तू खोटं बोलली नव्हतीस. तू पहिल्यांदा मला सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही असं नाही, मी ऐकलं, आणि मला समजलं." तिने हॉलवर एकदा नजर फिरवली, पाट्या पुसलेल्यांवर आणि ठेवलेल्यांवर. "पाच मुलांनी तोंड उघडायच्या आधी, इथे बसलेल्या आपल्या सगळ्यांना माहीत होतं."